व्हर्लिनचं वाक्य

...आणि वर मलाच ऐकवतात, "आर्लिस, धीर तूच मागितला होतास ना? मग आता कुरकुर कशाला?" मागितला होता, कबूल! पण मला एक सांगा, माणूस दुकानात जाऊन लोणी मागतो, तेव्हा दुकानदार काय गाय आणून त्याच्या दारात बांधतो? म्हणतो, घ्या, काढा धार, काढा साय, बसा घुसळत? लोणी मागितलं की लोणी द्यावं, विषय संपला! पण आमच्या प्रभूच्या दरबारी धीर असा कागदात गुंडाळून मिळत नाही, तिथं मिळतात प्रसंग. एक संपला की दुसरा, दुसरा संपायच्या आत तिसरा... आणि प्रसंगात मी तोंड उघडलं की सगळी मंडळी माना हलवतात, बघा, हिला अजून नाही आला धीर. अहो, येणार कुठून? मी वाईट बाई नाही हो. मला घाई असते, एवढंच.

आणि घाई काय मी हौसेनं करते? तुम्हाला सांगते, माझा जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात. घंटा झाली की अख्खी शाळा ताटं घेऊन अंगावर येते, तिथं तुम्ही "बाळ, तुला वाटाणे आवडतात का" असं विचारत बसलात तर शेवटच्या पोराला जेवण मिळायचं संध्याकाळी! डाव भरला, ताटात आपटला, पुढचा. डाव, ताट, पुढचा. ते हाताला लागलं ते लागलंच. घरी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा मी हातात डाव धरूनच म्हणते, आणि एकदा तर नातेवाइकांच्या भरल्या टेबलावर मी आमेनच्या जागी "पुढचा" म्हणाले होते. लोक अजून हसतात. हसू देत.

चर्चमध्ये तेच. आमच्याकडं पास्टरनं उपदेशाला तोंड फोडलं की बाकाबाकांवर पर्सा उघडतात, चुरचुर चुरचुर आवाज होतो, आणि जो तो गुलाबी पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकतो. आमच्या वाडवडिलांनी हॉलंडहून अमेरिकेत येताना बायबल आणलं आणि ही गोळी आणली. आता ही गोळी चघळायची असते. पास्टरचा पहिला मुद्दा संपेपर्यंत ती जिभेवर टिकली पाहिजे, ही खानदानी रीत. माझ्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या ग्लेन्डाची तर दुसऱ्या मुद्द्यापर्यंत टिकते. आणि माझी? पास्टर "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणतो आणि माझ्या तोंडातून येतो... कडाड्! पुढच्या तीन बाकांवरची डोकी वळतात. सगळ्यांत आधी ग्लेन्डाचं. ती नुसती गोड हसते. ते गोड हसणं मला चार शिव्यांपेक्षा जास्त लागतं.

बरं, मी अशी, तर नवरा तरी शांत असावा! पण मी निवडला व्हर्लिन. हा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. तुम्ही ऐकायला हवं होतं त्याला... जीभ होती का काय होतं ते! बोली लागली, चढली, एक वार, दोन वार, तीन वार, बैल गेला, पुढचा बैल आत, आणि मध्ये श्वास नाही. आमच्या अख्ख्या आयोवात त्याच्याइतकं भराभर बोलणारा माणूस नव्हता, आणि मला वेळेच्या आत बोलून मोकळा होणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, मग काय करता? केलं लग्न. आम्ही दोघं भांडायचो ना, तर शेजाऱ्यांना वाटायचं रेडिओ बिघडलाय. पण कधी अबोला नाही धरला हो आम्ही. वेळच नव्हता.

आणि अशा माणसाला ह्या वसंतात अर्धांगाचा झटका आला. जेवता जेवता हातातला काटा पडला. पाय आठवडाभरात परत आला, हात महिन्याभरात आला, जीभ मात्र... समजतं सगळं, बरं का. काय बोलायचं तेही आत तयार असतं. पण शब्द बाहेर यायला वाट सापडत नाही. एक शब्द येतो, मग माणूस डोळे मिटतो, ओठ हलवतो, कपाळावर शीर उभी राहते, आणि तुम्ही बसा वाट बघत... मग येतो दुसरा. आता देवाचा विनोद बघा. सगळ्या मुलखात ज्याची जीभ सगळ्यांत वेगात धावायची, त्याची बंद पाडली, आणि त्याच्यासमोर ऐकायला कोणाला बसवलं? मला!

त्याला बोलायला शिकवायला केलिन नावाची पोरगी येते. गोड आहे, केसांना निळी बट आहे, पण गोड आहे. ती मला म्हणाली, "आर्लिस, एकच नियम. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागला तरी नाही. वाक्य त्यांचं आहे." म्हटलं, त्यात काय मोठंसं! आणि तिची गाडी फाटकाबाहेर गेली नाही तोच व्हर्लिन म्हणाला, "आर्लिस... मला..." आणि मी म्हणाले, "कॉफी?"

तुम्ही हसताय. पण रोज तेच व्हायला लागलं. जेवण झालं, बायबलचा उतारा वाचून झाला, की तो माझ्याकडं बघणार. "आर्लिस... मला..." की माझा डाव सुटलाच: कॉफी? उशी? गार वाजतंय? खिडकी लावू? बेसबॉल लावू? बाथरूम? कॉफी? आणि तो बिचारा माझ्याकडं बघत राहायचा, बघत राहायचा, आणि शेवटी मान हलवायचा. हो. कॉफी. मी कॉफी ओतायची, कप पुढं ठेवायचा आणि भांड्यांना लागायचं. मला वाटायचं, किती छान चाललंय आमचं! काय हवं ते त्याला बोलावंसुद्धा लागत नाही.

मग एके दिवशी खिडकीतलं माझं जिरेनियम मेलं.

इतकं जोमदार झाड, कधी साधा किडा लागला नाही, आणि एकाएकी काळं पडून मेलं. मी कुंडी उपसली, तर मातीला वास कसला? कॉफीचा! तो माणूस कप घ्यायचा, माझी पाठ वळली की खिडकीशी जायचा आणि ओतायचा. इतके दिवस. त्याला कॉफी नको होती हो. त्याला काहीतरी सांगायचं होतं. एकच काहीतरी, रोज तेच, आणि मी रोज त्याच्यावर कॉफी ओतत होते. मी तिथंच सिंकपाशी ती कुंडी धरून उभी राहिले आणि रडले. रडलेसुद्धा घाईत, कारण त्याची गोळ्यांची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, किती दिवस लागतील याला नीट बोलायला? ते म्हणाले, सांगता येत नाही, शांतपणे घ्या, भरपूर वेळ द्या. आणि मग चष्मा काढून म्हणाले, मात्र दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो आला तर आहेत तेवढेही शब्द जातील, तेव्हा काय बोलायचं असेल ते लवकर बोलून घ्या. ऐकलंत? धीर धरायचा, आणि तोही लवकर! आता ज्या बाईला पेपरमिंट चघळता येत नाही, तिनं हे करायचं कसं?

म्हणून... म्हणून मी त्या बुधवारी प्रार्थनेला गेले. दर बुधवारी आम्ही चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये गोल करून बसतो आणि ज्यानं त्यानं सांगायचं की माझ्यासाठी हे मागा. आमच्याकडं लोक काय मागतात? गुडघे मागतात, पाऊस मागतात, डेन्व्हरला पळालेला मुलगा परत मागतात. धीर कोणी मागत नाही. शहाणी माणसं आहेत! धीर मागितला की देव काय पाठवतो हे आमच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण व्हर्लिन घरी एकटा, ग्लेन्डा आपल्या बहिणीच्या पित्ताशयाबद्दल सांगतेय, सांगतेय, दगड किती, केवढे, कोणत्या रंगाचे... माझी पाळी आली तशी मी म्हणाले, "धीर. मला धीर मिळावा. आमेन. पुढचा."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची मागं सरकवली. वीज पडायची असली तर माझ्या शेजारी बसलेलं नको, असं वाटलं असेल. ग्लेन्डानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आर्लिस, तुझी खात्री आहे ना?"

आता ही ग्लेन्डा म्हणजे आमच्या मंडळीची फोनची साखळी. कोणी काही मागितलं की ती दोघींना फोन करते, त्या दोघी चौघींना, चौघी आठजणींना, आणि मी गाडी घरापाशी लावेपर्यंत समोरचा म्हातारा गवत कापायचं यंत्र थांबवून मला ओरडून सांगत होता, "आर्लिस, तुझ्या धीरासाठी मागतोय हं आम्ही!" सगळं गाव मागत होतं. आणि एकदा साखळी सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही. रविवारच्या उपासनेत पास्टर विचारतो, कोणाचे आनंद, कोणाच्या चिंता? तेव्हा ज्यानं मागितलं त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, की मिळालं, देवाचे आभार. तोवर चालू.

आणि मग जे सुरू झालं... गुरुवारी कपडे धुवायचं यंत्र बंद पडलं, आतलं पाणी आत, कपडे आत, दार उघडेना. शुक्रवारी विम्याच्या कंपनीला फोन लावला, तर आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगून त्यांनी मला बासरी ऐकवली, दुपारभर! शनिवारी रस्त्यावर पुढं हार्वेस्टर, अख्खा रस्ता अडवून डुलत चाललाय, मी हॉर्न वाजवला... वाजवला म्हणजे काय, हॉर्नवर झोपलेच. त्या ड्रायव्हरनं मागं वळून नम्रपणे एक बोट उचलून नमस्कार केला. बघते तर आमच्याच मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी! ज्यांच्या हातून मी प्रभुभोजन घेते ते! त्यावर ग्लेन्डाचा फोन, आवाजात नुसता आनंद, "आर्लिस, ऐकलं मी. अगं, काम सुरू झालं बघ!" जसा काही नळ दुरुस्त करायला माणूस आलाय. आणि पास्टर डर्कनं काय केलं? मला हॉलसाठी गालिचा निवडायच्या समितीवर घेतलं. ही समिती आधीच्या पास्टरच्या काळापासून बसलीय. तपकिरी की मातकट, एवढाच प्रश्न आहे. मी पहिल्याच बैठकीत म्हणाले, तपकिरी, पुढचा. तर म्हणाले, "घाई नको आर्लिस, तुझ्यासाठीच तर आम्ही सावकाश चाललोय." मी वाईट बाई नाही हो! मला घाई असते, एवढंच!

पण तुम्हाला सांगते, मी प्रयत्न केला. मनापासून केला. केलिननं मला युक्ती सांगितली, व्हर्लिन बोलायला लागला की पेपरमिंट तोंडात टाकायची, आणि ती विरघळेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. पहिले काही दिवस काडकाड चावल्या. दाढेचा तुकडा उडाला. पण मग एका संध्याकाळी... जेवण झालं होतं, बाहेर मक्यावर ऊन उतरत होतं, त्यानं माझ्याकडं बघितलं. "आर्लिस..." मी गोळी टाकली. "मला..." मी टेबलाची कड धरली. तो डोळे मिटून शोधत होता. फ्रिजचा आवाज येत होता. मला कॉफी म्हणावंसं वाटलं, उशी म्हणावंसं वाटलं, ओठांपर्यंत आलं, गिळलं. गोळी अजून गोल होती. आणि त्याच्या कपाळावरची शीर मोकळी झाली, डोळे उघडले, म्हटलं, आला... आला शब्द...

आणि फोन वाजला.

"आर्लिस, ग्लेन्डा बोलतेय. काही नाही गं, आला का धीर, विचारावं म्हटलं."

मी काय बोलले ते मी इथं सांगणार नाही, बायामाणसं बसलीयत. शेवटचं वाक्य एवढंच होतं की माझ्यासाठी प्रार्थना करणं ताबडतोब बंद कर. आता चर्चमधल्या बाईला प्रार्थना बंद कर म्हणणं म्हणजे काय, याची तुम्हाला कल्पना नाही! रागावली नाही हो ती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं दोघींना फोन केला, त्यांनी चौघींना, की आर्लिसची परिस्थिती बिकट आहे, जोर वाढवा. आणि फोन ठेवून मी वळले, तर व्हर्लिन उठून गेला होता. टेबलावर कोणी नाही.

तेव्हा मी ठरवलं. रविवारी उभं राहायचं आणि सांगायचं, धीर मिळाला, आभार, बंद करा. खोटं तर खोटं. देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलायचं, म्हणजे निदान घरी नवऱ्याचं खरं ऐकायला मिळेल. रविवारी नेहमीप्रमाणे सगळ्या बायकांनी निघताना ओव्हनमध्ये मांस आणि बटाटे लावून ठेवलेले, उपासना संपली की घरी जाऊन सरळ ताटात. सगळ्या गावाचं जेवण आमच्या पास्टरच्या वेळेवर शिजतं. पास्टर डर्कनं विचारलं, "कोणाचे आनंद, कोणाच्या चिंता?" मी पर्स बाजूला ठेवली, उठायला गेले... आणि माझ्याआधी व्हर्लिन उठला.

पुढच्या बाकाची पाठ धरून उभा राहिला. पास्टरनं ध्वनिक्षेपक आणून त्याच्या तोंडाशी धरला. सगळ्या चर्चनं श्वास रोखला, कारण झटका आल्यापासून तो चारचौघांत एक शब्द बोलला नव्हता. आणि तो म्हणाला,

"आर्लिस..."

मग शांतता. अहो, काय शांतता! आणि तुम्हाला सांगते, कोणी हललं नाही. घरोघरी ओव्हनमध्ये बटाटे करपत होते, सगळ्यांना ठाऊक होतं, एकीनंही घड्याळाकडं बघितलं नाही. तान्ही पोरं गप्प. हार्वेस्टरवाले वडील मान खाली घालून उभे. ग्लेन्डाचे ओठ हलत होते, ती मागत होती, आणि माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. सगळ्या इमारतीत धीर भरून राहिला होता, आणि एका बाईजवळ तो नव्हता.

"मला..." म्हणाला तो. मी स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. तो शोधत होता. शीर उभी राहिली. आणि मग आला. जो शब्द इतक्या दिवसांत मी कधी ऐकला नव्हता तो आला.

"भीती..."

आर्लिस, मला भीती. बास, पुढं थोडंच राहिलं होतं. कशाची, एवढंच! कशाची भीती ते तो सांगणार होता. तोंड उघडलं होतं त्यानं. आणि मी उठले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"...वाटायची! आता नाही वाटत! कारण प्रभूनं तुला धीर दिलाय!"

ती घाई नव्हती. मी नेहमी म्हणते ना, मला घाई असते एवढंच? त्या दिवशी मला घाई नव्हती. मला ते पुढचं ऐकायचंच नव्हतं. तो माणूस बैलापुढं उभा राहून बोली चढवायचा, त्याला कशाची भीती वाटते हे मी ऐकलं असतं, तर मग मला कोणी धरलं असतं?

व्हर्लिननं माझ्याकडं बघितलं. बघत राहिला, बघत राहिला, आणि शेवटी मान हलवली. हो. सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!" ग्लेन्डा डोळे पुसत होती. पास्टर डर्क म्हणाला, देवानं आपली प्रार्थना ऐकली, आर्लिसला धीर मिळाल्याचं आज तिच्या नवऱ्यानंच उभं राहून सांगितलं. साखळी तिथल्या तिथं बंद. बाहेर पडताना बायका मला मिठ्या मारत होत्या, आणि एकीनं विचारलं, कसं गं जमवलंस?

घरी आलो. मी फोन काढून ठेवला. ओव्हन बंद केला, जळालं तर जळालं. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, दोन्ही हात मांडीवर, गोळी नाही, काही नाही. म्हटलं, "व्हर्लिन, तुला खरं काय सांगायचं होतं? मी थांबते. उद्यापर्यंत थांबते."

तो माझ्याकडं बघत होता. फार मायेनं बघत होता हो. आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा, न अडखळता, डोळे न मिटता, सरळ एका दमात बोलला.

"राहू दे."

आणि तुम्हाला सांगते, या वेळी मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. मध्ये बोलायला जागाच नव्हती.